पिटातला प्रेक्षक कुठे गेला?

मराठी माणूस नाटकवेडा, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण शनिवारी दुपारी एखाद्या नाट्यगृहाच्या दारात उभं राहून आत शिरणाऱ्यांकडे पाहिलं, तर साध्या माणसालाही एक प्रश्न पडतो. रिक्षावाला, भाजीवाली, बांधकामावरचा गवंडी, कपड्याच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा मुलगा, यांतलं कोणी या गर्दीत का दिसत नाही? तीही मराठीच माणसं आहेत. मग नाटकाचं वेड त्यांना सोडून बाकीच्यांनाच कसं लागलं?

याची दोन उत्तरं लगेच मिळतात. एक, तिकीट महाग आहे. दुसरं, ज्याची त्याची आवड. माझ्या मते पहिलं उत्तर अपुरं आहे आणि दुसरं सरळ चुकीचं आहे. ते का, हे समजायला आधी ‘वर्ग’ म्हणजे काय ते पाहू आणि मग पावणेदोनशे वर्षांच्या मराठी रंगभूमीतली काही ठिकाणं पाहू.

१. खिसा, वेळ, सवय आणि मान

समजा, डोंबिवलीजवळच्या चाळीत राहणारं चौघांचं कुटुंब दादरला नाटकाला जायचं ठरवतं. तिकीट ४०० रुपये धरू, म्हणजे चौघांचे १,६००. लोकलचं जाण्यायेण्याचं भाडं १२०. मध्यंतरातला वडा आणि चहा २००. झाले १,९२०. घरातला कमावता माणूस सामान पोचवण्याचं काम करतो आणि दिवसाला ६०० रुपये मिळवतो असं धरलं, तर हा तीन दिवसांहून अधिक कमाईचा खर्च आहे. शिवाय नाटक रविवारी, आणि त्याच्या धंद्याला रविवारीच जोर. त्या दिवसाचे ६०० बुडाले की हिशेब २,५२० वर, म्हणजे चार दिवसांच्या पुढे जातो.

या छोट्या गणितात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा ही पहिली. दुसरी वेळ. शनिवार-रविवार रिकामा असणं ही ठरावीक नोकऱ्या करणाऱ्यांनाच मिळणारी सोय आहे, आणि आपल्या नाटकांचं वेळापत्रक त्याच सोयीवर बेतलेलं आहे.

तिसरी गोष्ट सवयीची. नाटकाचं तिकीट कुठे मिळतं, रांग कशी वाचायची, तिसरी घंटा म्हणजे काय, कुठे हसायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे ज्याला ठाऊक आहे तो आत सहज जातो. चौथी गोष्ट मानाची. दारावरचा माणूस आपल्याकडे कसा पाहील आणि शेजारच्या खुर्चीवरची बाई अंग चोरून बसेल का, हा विचार ज्याला कधी करावाच लागला नाही, त्याला या गोष्टीचं वजन कळणार नाही.

या चार गोष्टी मिळून ज्याला आपण वर्ग म्हणतो तो बनतो. महाराष्ट्रात त्यात जातही विणलेली आहे. वर्ग आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं, पण कोणाच्या हाती पैसा, शिक्षण आणि मान आला याचा माग काढायला गेलं की दोघींची वाट बराच काळ एकच दिसते. पुढची सगळी उदाहरणं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

२. राजाच्या पदरातून तिकिटाच्या खिडकीवर

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यामागे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. राजा खर्च करतो आणि राजाने बोलावलेले लोक बघतात, अशी ती व्यवस्था. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन दौऱ्यावर निघावं लागलं. १८५३ मध्ये ती मंडळी मुंबईत पोचली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. ते नाट्यगृह जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर उभं होतं.

मराठी नाटकाच्या इतिहासात मला ही घटना फार मोठी वाटते. तिकीट आलं की राजाचं निमंत्रण लागत नाही. पैसे देणारा कोणीही आत येऊ शकतो. पण त्याच क्षणी ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कायद्याने नाही, तरी व्यवहाराने बाहेर राहतो. आत आलेल्यांचीही विभागणी होते. जुन्या नाट्यगृहांत कोच, खुर्ची, पिट असे वेगवेगळ्या दरांचे भाग असत. पिट म्हणजे स्वस्तातली जागा. ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग मराठीत त्यावरूनच रुळला. शिट्टी मारणारा, मोठ्याने दाद देणारा, आवडलं नाही तर तेही लगेच कळवणारा हा माणूस. म्हणजे श्रमिक माणूस तेव्हा नाट्यगृहात होता. स्वस्त जागेत होता, पण होता.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. एका गरीब कुणबी जोडप्याला जोशीबुवा धर्माची भीती घालून कसा लुबाडतो आणि शिक्षणाने ती माणसं कशी जागी होतात, ही त्याची गोष्ट. जोतीरावांनी ते ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते स्वीकारलं नाही. ते छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडलं. शेतकऱ्याचं शोषण हा विषय घेऊन आधुनिक मराठी नाटक अगदी पहाटेलाच उभं राहिलं होतं, पण त्याच्यामागे राजा नव्हता आणि नाटक मंडळीही नव्हती. नाटक लिहून होत नाही. त्याला जागा लागते, नट लागतात, पैसा लावणारा लागतो. ही साधनं ज्यांच्या हातात, त्यांच्या मनात नसलेलं नाटक सव्वाशे वर्षं कागदावर राहू शकतं.

३. संगीत नाटक, सिनेमा आणि दिवाणखाना

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि संगीत नाटकाचा मोठा काळ सुरू झाला. शिकलेला वर्ग आता लेखक, नट आणि प्रेक्षक अशा तिन्ही नात्यांनी नाटकात उतरला. नाटकाला प्रतिष्ठा आली. तरीही ही नाटकं फक्त शिकलेल्यांची राहिली नाहीत. मंडळ्या गावोगाव फिरत, पदं घरोघर गायली जात. मला विशेष वाटतं ते खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’चं. धैर्यधर हा पराक्रमी पण पैशाने गरीब माणूस. भामिनी श्रीमंत घरातली, ती त्याला त्याच्या गरिबीवरून झिडकारते आणि श्रीमंत लक्ष्मीधराकडे झुकते. धनाचा मान मोठा की कर्तृत्वाचा, हाच सगळा झगडा. या नाटकाचा १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर येणं ही त्या पिढीला सणासारखी घटना वाटली.

त्याच सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं होतं. पुढे त्याला केशवरावांचं नाव मिळालं. त्याच्या अंगालाच खासबागेचं कुस्तीचं मैदान आहे. नाटक आणि कुस्ती शेजारी शेजारी, एकाच राजाने उभारलेली. नाटकाला जाणारे आणि आखाड्यावर जाणारे वेगळे लोक मानायची आजची सवय त्या जागेवर उभं राहिलं की सैल पडते.

मग बोलपट आला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि पुढच्या काही वर्षांत नाटक मंडळ्या एकेक करून मोडकळीला आल्या. कारण समजायला सोपं आहे. नाटकाला दर रात्री सगळी मंडळी राबवावी लागते. सिनेमाची एक प्रत दिवसातून कितीतरी वेळा दाखवता येते, त्यामुळे तिकीट स्वस्त ठेवता येतं. स्वस्त जागेतला प्रेक्षक सगळ्यात आधी तिकडे गेला. जो उरला त्याला धरून नाटकाने स्वतःला बदललं. राजवाडे आणि अरण्यं गेली, मध्यमवर्गीय घराचा दिवाणखाना आला. एक सोफा, एक टेलिफोन, आतल्या खोलीत जाणारं दार. या दिवाणखान्यात कोणाची दुःखं मावतात? नोकरी, लग्न, सासू-सून, मुलाचं परदेशी जाणं. गडी किंवा मोलकरीण येते ती चहाचा कप घेऊन आणि बहुधा हशा पिकवायला. तिच्या घरी काय चाललंय ते त्या दारापलीकडे राहतं.

मला या नाटकांचा राग नाही. त्यांतली काही फार चांगली आहेत. पण प्रेक्षक आणि विषय एकमेकांना कसे घडवतात हे इथे स्पष्ट दिसतं. जो तिकीट काढतो त्याचं घर रंगमंचावर उभं राहतं, आणि ते घर पाहायला तसाच माणूस पुन्हा तिकीट काढतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की कोणाला मुद्दाम बाहेर ठेवावं लागत नाही.

४. गिरणगाव: कामाचे तास आणि नाटकाची रात्र

श्रमिकांना नाटकाची आवड नसते असं म्हणणाऱ्याला मी परळ-लालबागचा, म्हणजे मुंबईच्या गिरणगावाचा, इतिहास वाचायला सांगेन.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकण, सातारा, कोल्हापूर, नगरकडून माणसं आली. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी, खानावळीत जेवणारी ही माणसं गावाकडून नमन-खेळे, शक्ती-तुरा, भजन, दशावतार आणि तमाशा घेऊन आली होती. पण नाटक करायचं तर संध्याकाळ मोकळी हवी. इथे कायद्याचा संबंध येतो. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ६० तासांवर आणली. १९३४ मध्ये ती ५४ झाली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ४८. आठवड्याला वाचलेले बारा तास म्हणजे सहा दिवसांच्या हिशेबाने रोजचे दोन तास. दोन तासांत एक तालीम होते. कामगार चळवळीने जिंकलेला वेळ असा थेट रंगभूमीच्या खात्यावर जमा झाला.

जागा मिळाली ती परळच्या दामोदर हॉलची. ना. म. जोशी यांनी उभारलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातलं हे सभागृह १९२२ चं. मुंबईत राहणारी एकेका गावाची मंडळं तिथे वर्षाला एक नाटक करायची. भांडवल वर्गणीचं. नायक गिरणीतला साचेवाला, खलनायक जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, भाऊ, बाईचं काम आधी पुरुष करायचा आणि पुढे ‘नाईट’वर, म्हणजे एका प्रयोगाच्या मोबदल्यावर, नटी बोलवायची. तिकीट खपवायचं ते गाववाल्यांत. जमलेल्या पैशातून गावातल्या शाळेची किंवा देवळाची भिंत उभी राहायची. लेखकांनाही हा माणूस दिसू लागला होता. मामा वरेरकरांनी १९३२ च्या ‘सोन्याचा कळस’मध्ये गिरणी कामगारांचं जग रंगमंचावर आणलं. १९५३ मध्ये कामगार कल्याण मंडळ कायद्याने स्थापन झालं आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. कितीतरी नट-लेखक पुढे मोठ्या रंगभूमीवर गेले ते इथूनच.

मैदानातलं नाटक वेगळं. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले, मुंबईत गिरणीत राबलेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होते. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन ठेवलं. गौळण काढून टाकली. वगात सावकार, जमीनदार आणि गिरणीमालक आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही वगनाट्यं पाहायला हजारो माणसं मैदानात मांडी घालून बसायची. या रंगभूमीला तिकीट नव्हतं, नेपथ्य नव्हतं, आणि चाळीतून उतरून मैदानात येईपर्यंतच काय तो प्रवास.

मुंबईत असंच दुसरं एक श्रमिकांचं नाटक वाढत होतं, कोंकणीतलं. गोव्याहून आलेले खानसामे, खलाशी, वादक धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक वसतिगृहांत, राहायचे. त्यांच्यासाठी १८९२ मध्ये मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी नाट्यप्रयोग, झाला. जुवांव आगुस्तीन फर्नांडिस यांनी १९०४ मध्ये ‘बाटकारा’ आणला. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर राहणारं, त्याच्या शब्दाखाली दबलेलं कुळ. गावी ज्या भाटकारापुढे मान वर करता येत नव्हती, त्याला मुंबईच्या रंगमंचावर उघडं पाडता आलं. फर्नांडिसांची पत्नी रेजिना यांनी त्यात काम केलं आणि तियात्रात पहिली स्त्री उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद होत गेल्या आणि त्यांच्यासोबत वर्गणी, गावमंडळं, पाळी संपवून तालमीला येणारा नट हे सगळं विरत गेलं. जयंत पवारांचं ‘अधांतर’ १९९७ मध्ये आलं. बंद गिरणीच्या सावलीतल्या धुरी कुटुंबाची ही गोष्ट. स्वतः गिरणगावात वाढलेल्या लेखकाने ती लिहिली, आणि मराठीतल्या थोर नाटकांत मी तिची गणना करतो. पण कामगाराचं घर नाट्यगृहात असं पूर्ण ताकदीने उभं राहिलं तेव्हा प्रेक्षक म्हणून तो कामगार गिरणगावातूनच उठून चालला होता. २००६ मध्ये याच विषयावर रामू रामनाथन यांचं ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ आलं. ते इंग्रजीत होतं. ज्यांच्याबद्दल नाटक आणि ज्यांच्यासमोर नाटक, ही माणसं वेगळी होत गेली. दामोदर हॉलही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले. त्यांच्या काळजीत मला तथ्य वाटतं, कारण एकदा मोडलेली जागा त्याच वस्तीला, त्याच भाड्यात परत मिळाल्याची उदाहरणं फार नाहीत.

५. एकच कला, दोन दारं

आता थोडा अवघड मुद्दा. कलेलाही वर्ग असतो का?

तमाशाकडे पाहू. गण, गौळण, बतावणी, वग अशी बांधीव रचना, ढोलकी-हलगीचं काटेकोर अंग, जागच्या जागी सवाल-जबाब रचायची तयारी. कलेच्या कुठल्याही मापाने ही अवघड विद्या आहे. ती सांभाळली मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. आणि म्हणूनच, कलेत खोट नसताना, तिला खालची पायरी मिळाली. पठ्ठे बापूरावांचं आयुष्य याचा पुरावा आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचं मूळ नाव. ब्राह्मण घरातला हा माणूस कुलकर्णीपण सोडून फडात गेला, महार समाजातल्या पवळाबाईंसोबत त्याने तमाशा गाजवला आणि स्वतःच्या समाजाला तो मुकला. अभ्यास आणि बुद्धी तीच. फक्त उभं राहण्याची जागा बदलली आणि मान गेला.

उलट दिशेचा प्रवासही झाला. १९६५ मध्ये वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं आणि दादा कोंडक्यांनी ते नाट्यगृहांत तुडुंब चालवलं. तमाशाचाच बाज, पण तंबूऐवजी पंखे फिरणारं नाट्यगृह आणि तमाशाऐवजी लोकनाट्य हे नाव. आयुष्यात कधी कनातीत पाऊल न टाकलेली कुटुंबं मुलाबाळांसह ते पाहायला आली. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने दशावतार, खेळे, कीर्तन, तमाशा यांच्या रीती वापरून असं काही रसायन केलं की ते पुढे युरोपात गाजलं. या दोन्ही नाटकांचं मोठेपण मी मानतो. पण त्याच वर्षांत भाऊ-बापू मांग नारायणगावकरांची लेक विठाबाई ट्रकमधून कनात आणि पेट्या घेऊन जत्रेमागून जत्रा करत होती. तिला राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाले. उतारवय मात्र ओढगस्तीत गेलं आणि २००२ मध्ये ती वारली. पुढे शासनाने तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

म्हणजे तमाशा नाट्यगृहात शिरला, तमासगीर मात्र बहुतांशी बाहेर राहिला. कलेच्या रीती वर चढल्या, त्या जपणारी माणसं होती तिथेच राहिली. आजही गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी ठरवायला येतात. लाखोंची उलाढाल होते. शहरातल्या वर्तमानपत्रांच्या नाटकाच्या पानावर या खेळांची जाहिरात शोधून पाहावी.

दशावतारी कलावंताचीही तीच गत. कोकणातल्या दशावताराबद्दल तिथले लोकच म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ रात्रभर देवळाच्या मंडपात भरजरी शेल्यात इंद्र झालेला माणूस पहाटे स्वतःची पेटी उचलून पुढच्या गावची वाट धरतो.

६. बोली कोणाची, हसू कोणावर

रंगमंचावर माणूस तोंड उघडतो तेव्हाच त्याचा वर्ग कळतो. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा सगळा खेळ यावर आहे, आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ करताना तो आपल्याकडे नेमका बसवला. फुलं विकणारी मंजुळा आणि तिची भाषा घासूनपुसून घेणारा प्राध्यापक जहागीरदार. भाषा बदलली की लोक तिला वेगळी वागणूक देतात, पण तिच्या आयुष्याचं पुढे काय, हे शिकवणाऱ्याने विचारलेलंच नसतं. भक्ती बर्वे यांनी मंजुळाचा संताप असा उभा केला की प्रेक्षक आपोआप तिच्या बाजूचा व्हायचा.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं. त्यात कोणी मालवणी माणसाची भाषा सुधारत नाही. अख्खं नाटक मालवणीत, गावातल्या नाटकवेड्यांचा नाटक करण्याचा खटाटोप हाच विषय. मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं आणि त्याचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. दिवाणखान्यातल्या नाटकात मालवणी बोलणारा गडी तोंडी लावण्यापुरता होता. इथे तोच मालक झाला. हसू तेच, पण आता त्याच्यासोबतचं. गिरणगावातली कोकणी कुटुंबं या नाटकाला लोटली यात नवल नाही. आपली बोली रंगमंचावर मानाने ऐकू आली की माणूस तिकिटाचे पैसे कुठूनही काढतो.

७. विहिरीकाठचं पोर

आवडनिवडीचा प्रश्न अजून राहिला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या लोकांना संगीत, चित्रं, जेवण अशा गोष्टींतल्या आवडी विचारल्या आणि १९७९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आवड जन्मजात नसते. ती घरात आणि शाळेत नकळत मिळते, आणि पैशासारखीच आईबापांकडून मुलांकडे जाते. याला त्यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटलं.

विहिरीकाठी वाढलेलं पोर कधी पोहायला शिकलं ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. दुष्काळी माळावरचं पोर पाण्याला बिचकतं. त्यावरून एकाच्या अंगात पोहणं आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असं आपण म्हणत नाही. नाटकाबाबत मात्र हमखास म्हणतो. ज्याच्या घरी नाट्यपदं वाजत होती आणि ज्याला सहाव्या वर्षी बालनाट्याला नेलं होतं, त्याला प्रायोगिक नाटक ‘कळतं’. दुसऱ्याला कळत नाही, आणि तोही मग म्हणतो की आपल्याला त्यातलं काही समजत नाही. आवडीच्या नावाखाली वर्ग असा लपून बसतो.

८. झाडीपट्टीने दिलेलं उत्तर

हे सगळं खरं असेल तर त्याची परीक्षाही घेता आली पाहिजे. समजा, वेळ, जागा, भाषा आणि दर हे चारही कष्टकरी माणसाच्या सोयीने ठरवले, तर तो नाटकाला येतो का?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात ही परीक्षा दर वर्षी होते. भातकापणीच्या सुमारास, दिवाळीनंतर, झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. म्हणजे हातात धान आलेलं असतं आणि शेतात काम कमी असतं. मंडई, म्हणजे गावची जत्रा, किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने पाहुणे गावात आलेले असतात. रात्री जेवणं उरकली की पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. वडसा-देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं ठाणं. तिकीट शेतमजुराला परवडेल असं, आणि प्रेक्षक हजारांत.

हिशेब करून पाहू. शहरातल्या नाट्यगृहात ८०० खुर्च्या भरल्या आणि तिकीट ४०० रुपये असलं, तर ३ लाख २० हजार जमतात. गावात ३,००० माणसं बसली आणि तिकीट ७० असलं, तर २ लाख १० हजार. तिथे नाट्यगृहाचं भाडं नाही आणि वर्तमानपत्रातली महागडी जाहिरात नाही. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण रीत अशीच आहे: थोड्या लोकांकडून जास्त घेण्याऐवजी पुष्कळ लोकांकडून थोडं घ्यायचं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईत अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्या नाटकांत ढोबळपणा आहे, मेलोड्रामा आहे, असं शहरी समीक्षक म्हणतात. असेल. संगीत नाटकांतही तो भरपूर होता.

९. आणि नाटक करणारे?

आतापर्यंत आपण बघणाऱ्यांबद्दल बोललो. करणाऱ्यांचाही वर्ग असतो, आणि तिथे वेळेचा प्रश्न आणखी टोकदार होतो. प्रायोगिक नाटकाची तालीम महिना-दीड महिना चालते आणि तिचे पैसे बहुधा कोणालाच मिळत नाहीत. घरून पैसे येणारा किंवा पक्की नोकरी असणारा मुलगा ती करू शकतो. रोजंदारीवरचा मुलगा गुणी असला तरी आठवड्याभरात गळतो. पडद्यामागे नेपथ्य लावणारे, दिवे बांधणारे, कपडेपट सांभाळणारे तर प्रयोगागणिक मोबदल्यावर जगतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे नाट्यगृहांना कुलूप लागलं तेव्हा त्यांची चूल पहिल्याच महिन्यात अडली.

म्हणून जालन्याकडच्या काही मंडळींचं मोल मला फार वाटतं. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आलं. संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. तांगडे स्वतः शेतकरी, आणि रंगमंचावरची बहुतेक मंडळी जालना जिल्ह्यातल्या गावांतली, शेतीवर जगणारी. शिवाजी महाराज नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यांनी जलशाच्या ठेक्यात, मराठवाड्याच्या बोलीत, नाव घेऊन विचारला. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. हे नाटक दादर-पुण्याच्या नाट्यगृहांत चाललं आणि गावांच्या चौकातही चाललं. शहरातला शिकलेला प्रेक्षक आणि वस्तीवरचा प्रेक्षक एकाच विनोदाला हसले.